चमचा

तीन कप ही रीत.
दोनावर थांबलात तर घरची बाई काही बोलत नाही,
पण संध्याकाळपर्यंत गावात कळतं.

एम्स नदीच्या बांधाआड आमचं घर,
जमीन पाण्याहून खोल, वारा बाराही महिने पश्चिमेचा.
आई आधी कपात खडीसाखर ठेवते,
मग वरून चहा, जुन्या विटेच्या रंगाचा,
आणि खडा तडकतो,
पातळ बर्फावर कुणी पाय ठेवून पाहावा तसा.
बाबा मान कलती करतात.
माझं नाव विसरलेत ते. हा आवाज नाही.

मग साय. कडेकडेने, घड्याळाच्या उलट.
"तेवढाच काळ थांबतो," आजी म्हणायची.
ढग तळाला जातो, वळून वर येतो.
ढवळायचं नाही.
आधी मऊ, मग कडू, गोड अगदी शेवटी;
ज्याला घाई असेल त्याने कॉफी प्यावी.

युद्ध संपलं त्या हिवाळ्यात
आजी लोणी घेऊन खाणकामगारांच्या वस्तीत गेली,
त्यांच्या वाटणीचा चहा पदरी पाडून आली.
पुडीवर पुसट अक्षरं: आसाम.
कुठे असतं ते, तिला ठाऊक नव्हतं.
"पाऊस असणार तिथे," एवढंच म्हणाली.

पुरे झालं, असं इथे तोंडाने म्हणत नाहीत.
चमचा बशीतून उचलायचा, कपात उभा ठेवायचा.
बस्स.

नोव्हेंबरपासून बाबांचा चमचा
बशीतच राहतो.
चौथा कप. पाचवा. सातवा.
आई ओतते, कारण चमचा बाहेर आहे.
बाबा पितात, कारण कप भरला आहे.
डॉक्टर रागावले. मग एका दुपारी
मीच हळूच त्यांचा चमचा कपात ठेवला.

आईने तो काढला,
एप्रनला पुसला,
परत बशीत ठेवला, दांडा त्यांच्या उजव्या हाताकडे.
"फोल्मर्टचा चमचा फोल्मर्ट ठेवेल."

आता ती ओतते अर्धा कप,
मग पाव, मग घोटभर,
मग नुसतं कढत पाणी, खड्यावर, आवाजापुरतं.

सायीचं भांडं केव्हाच संपलंय.
तिचा स्वतःचा चमचा कधीचा कपात उभा.
तरी ती रिकामी पळी उचलते,
त्यांच्या कपाच्या कडेने
सावकाश
उलटी फिरवते.