वीस मीटर अलीकडे

तोरिनोत आज धुकं इतकं, की पो नदी
फक्त ऐकू येते.
आमच्या बिनखिडकीच्या खोलीत मात्र लख्ख ऊन,
मंगळावरचं, अकरा मिनिटं शिळं.

तिथला दिवस आपल्याहून चाळीस मिनिटं मोठा,
म्हणून फियोरेन्झाची न्याहारी सरकत सरकत
मध्यरात्रीवर आली आहे.
मुलगा तिला विचारतो,
आज तू कुठल्या वाराची?

कड्याच्या उतारावर एक काळपट ओघळ.
गेल्या ऋतूत नव्हता.
ओल असेल. नसेलही;
कोरडी वाळू घसरली तरी अशीच दिसते.
पण ओल असेल तर...
सगळ्यांनी कॉफीचे कप खाली ठेवले.

गाडीला बरमा आहे, दोन मीटर खोल जाणारा.
ह्याचसाठी तर एवढी वर्षं, एवढा खर्च.
आणि नियम असा, की
जिथे जीव असू शकेल
तिथे जायचं नाही.

माझ्या भाषेत ह्याला शब्द आहे.
गाडी पुरेशी सोवळ्यात नाही.

बास्तियानोने चौदा महिने एकेक स्क्रू पुसला होता
स्पिरिटने, तोंड बांधून, हातमोज्यांवर हातमोजे.
तरी उरले दर चौरस मीटरला एकशे ऐंशी बीजाणू.
'मर्यादेत' असं लिहून त्याने सही केली.
ते कुठून आले असतील?
त्याच्या मनगटावरून, बायकोच्या खोकल्यातून,
घराखालच्या बेकरीतून.
आता ते नटाच्या आट्यांत थिजून पडलेत,
बहुतेक मेलेले.

तो निवृत्त झालाय. कधीतरी ग्रिसिनीचा पुडा घेऊन येतो,
पडद्याकडे बघत, कुरकुर चावत विचारतो,
"त्यांचं काही कळलं?"
परगावी दिलेल्या पोरांबद्दल विचारावं तसं.

फियोरेन्झाने आज्ञा लिहिली: थांब. फोटो घे. वळ.

फोटो पहाटे आला.
मावळतीचं निळसर ऊन गाडीच्या पाठीवर,
आणि पुढे पसरलेली तिची सावली,
लांब मानेची, थेट ओघळावर टेकलेली.

फियोरेन्झा हसली. सावलीला कुठे नियम लागतो, म्हणाली.

मी मान हलवली.
सावलीचाही विटाळ धरणारे होते आमच्यात,
हे तिला इटालियनमध्ये कसं सांगू,
मला सुचलं नाही.
बाहेर पहिली ट्राम घणघणत गेली.