आधी आवाज

दिवसभर मी बियाण्याच्या गोदामात काट्यावर असतो,
पोती मोजतो. साडेपाचला शिट्टी गळ्यात.
जालन्यात, रोलिंग मिलच्या मागं,
जिथं वाऱ्याला तापल्या लोखंडाचा वास येतो,
तिथं दोन खांब रोवलेत, चुन्याचे आठ चौकोन,
आणि निरीक्षणगृहाच्या गाडीतून उतरतात अकरा पोरं,
सोबत एक हवालदार, एक रजिस्टर.
रजिस्टरात लिहिलेलं: मोटारसायकल. सळई. चाकू. सळई.

पहिल्या वर्षी मी नुसता हुकूम होतो.
निरगुडीची छडी, तेलात मुरवलेली.
ऊठ म्हटलं की उठायची, बस म्हटलं की बसायची.
हवालदार म्हणाला, सर, तुमच्याकडं शिस्त हाय.
मलाही तसंच वाटलं.
मी पाठ वळवली की पळणारं पोर चालायला लागायचं,
हे मला पाठ वळवल्यामुळं दिसलं नाही.

दुसऱ्या वर्षी दोस्त व्हायला गेलो.
खांद्यावर हात, फुकटचे विनोद.
भिकननं त्याच आठवड्यात माझी सायकल विकली
आणि सगळ्यांना भजी चारली.
मलाही बोलावलं होतं. चार खाल्ली.

मग आला रेवण.
औशाकडचा, चौदा वर्षांचा, पायात वारं.
नावापुढं गुन्हा नाही, नुसतं: घरातून पळाला.
खो-खोत हात मागून येतो,
पाठीवर पडतो, आणि खो.
रेवणच्या पाठीवर हात पडला
की तो उठायच्या आधी डोकं झाकायचा.
दोन्ही कोपरं वर, डोळे मिटलेले.
तेवढ्यात पळणारा खांबापार.

"हात खाली!" मी ओरडलो. छडी जमिनीवर आपटली.
त्यानं हात खाली घेतले
आणि बसल्या जागी चड्डी ओली केली.
कुणी हसलं नाही.
अकरा पोरं माझ्याकडं बघायला लागली,
ती नजर मला ओळखू आली.
पंचनामा चालला होता.

दुसऱ्या दिवशी चौकोनात मीच बसलो.
गुडघे कुरकुरतात, सत्तेचाळीसचा माणूस.
म्हणलं, द्या मला खो. एकेकानं.
ज्याच्या नावापुढं चाकू आहे
त्याचे पाय मागून ऐकू येतात,
हात कधी पडेल ते कळत नाही.
भिकननं दणका दिला, बरगडीत कळ गेली.
परमेश्वरनं दोन बोटं टेकवली.
रेवणचा हात आलाच नाही,
मानेवर नुसता श्वास लागला.

"कशाला भ्यायलात सर," शोएब म्हणाला,
"आधी आवाज द्यायचा, मंग हात."
तीस वर्षं खेळलो मी. हे नियमात नाही.
म्हणलं, कर.

अमक्यानं खो घातला, असं लोक म्हणतात.
या पोरांना घातलेलाच माहीत.
द्यायचा कसा, ते ती एकमेकांना शिकवत होती
आणि मी चुना टाकत होतो.

"आलो रेवण, आलो, मीच हाय..."
दोन चौकोन आधीपासून.
आणि रेवण उठायचा,
कोपरं खाली.

अंबडच्या स्पर्धेत पंचांनी सात फाऊल दिले.
आवाज आधी, हात नंतर; चालत नाही.
शेवटच्या पाळीआधी मी शोएबला विचारलं, बदलायचं?
कर्णधार तो होता.
त्यानं मान हलवली, नाही.
दोन गुणांनी हरलो.

टेंपोत रेवण झोपला,
पाठ भिकनच्या छातीला टेकवून.
भिकनचा पाय आखडला होता. हलवला नाही त्यानं.

छडी अजून माझ्या दारामागं असते.
टाकवत नाही, खरं सांगतो.
त्या रात्री घरी आलो तर थोरला अभ्यासाला बसलेला,
दाराकडं पाठ.
हात उचलला होता मी,
केसांवरून फिरवायला, तेवढ्यासाठीच.
थांबलो.
"आलोय रे," उंबऱ्यातूनच म्हटलं,
"मीच आहे."
त्याची कोपरं हलली की नाही,
त्या उजेडात दिसलं नाही.