लसूणघास

इथे तिला गत्त म्हणतात.
मी अजून लसूणघासच म्हणतो,
गायींना दोन्ही कळतं.

साहमच्या हमरस्त्यापासून आत, डोंगराच्या अंगाला
सुलैयिम बिन खल्फानची सतरा फदान जमीन,
तीस गायी, एक माजोरा वळू,
आणि माझी पत्र्याची खोली.
खोलीला एसी आहे. आवाज जास्त, गारवा कमी.

पहिल्या दिवशी म्हाताऱ्याने नाव विचारलं.
पोपट, म्हटलं.
त्याच्या भाषेत प नाही.
बोबत, म्हणाला.
तेही खरंच होतं, आलो तेव्हा मी बोबडाच होतो,
नुकत्या जन्मलेल्या वासरासारखी माझी अरबी
चार शब्दांवर उभी राहायची आणि बसायची.

घास उन्हात बांधू नये.
पानं झडतात, हातात नुसत्या काड्या उरतात.
म्हणून पहाटे तीनला, दंव असताना,
बेलर सुरू करायचं.
दर चाळिसाव्या गठ्ठ्याला त्याची गाठ रुसते.
मग म्हातारा दिशदाशा वर खोचून
गुडघ्यावर बसतो,
यंत्राच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालतो,
अडलेली गाय सोडवावी तसा.

दुपारी गायींना वाळवलेली तारली.
गायी मासे खातात, हे गावी सांगितलं
तेव्हा आईने फोन ठेवला.

मागे सुट्टीवर आलो, तर मर्जाना पान्हा सोडेना.
तीन दिवस. सड टणक झालेले.
म्हाताऱ्याच्या सुनेने, रय्याने, फोन लावला.
बोल, म्हणाली, काहीही बोल,
आणि फोन गायीच्या कानाशी धरला.
मी फलटणच्या स्टँडवर, पिशव्यांच्या मध्ये उभा.
ये गं, म्हटलं. ये बाय. सोड. उगी, उगी.
पलीकडे बादलीत पहिली धार वाजली.
बाकावरचा माणूस म्हणाला, घरी बोलताय का?
म्हटलं, नाही, कामावर आहे.

विहिरीचं पाणी म्हातारा रोज चाखतो.
मी आलो त्या वर्षी तोंडात घोळवून गिळायचा.
आता थुंकतो
आणि काही बोलत नाही.
समुद्र आठ किलोमीटरवर,
पण जमिनीखालून तो चालत येतोय, पाय न वाजवता.
खालची तीन फदान पांढरी पडलीत.
गायींची त्याबद्दल तक्रार नाही,
त्या जाऊन चाटतात.

शुक्रवारी मस्कतहून थोरला आला.
गाडीतून उतरला नाही, काच खाली केली.
गोदाम, भाडं, तीन वर्षांचा करार,
एवढं मला कळलं.
म्हातारा ऐकत होता, की घासाचा वास घेत होता,
सांगता येणार नाही.

काच वर गेली. गाडी गेली. धूळ बराच वेळ राहिली.

मग मला म्हणाला, गठ्ठे मोज.
गेल्या साली या कापणीला चारशेच्या वर होते.
मी वाहिद, इथनेन सुरू केलं.
अरबीत नको, म्हणाला,
तुझ्या भाषेत मोज. मोठ्याने.
आणि तोंड डोंगराकडे केलं.

एक, म्हटलं. दोन.
मागून त्याचा नातू हिलाल, सहा वर्षांचा,
प्रत्येक गठ्ठ्यावर थाप मारत माझ्यामागे म्हणू लागला:
तीन. चार.
पाचला तो बाच म्हणाला.
बरोबर, म्हटलं मी. पुढे.