पाणाड्याची लेक

सकाळी सव्वाआठ. केजहून पहिल्या एसटीनं आलेली,
उपाशीपोटी, पहिलटकरीण, अकरावा आठवडा.
अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी तिच्या दंडाला रबर बांधलं.
मूठ आवळ म्हटलं तर हसली निलावती जोगदंड,
"शीर सापडंना व्हय? माझ्या बापाला बोलवू का?
पाणाड्या हाय त्यो.
तळहातावर आडवा नारळ घेऊन बांध-बांध फिरतो,
नारळ उभा राहिला की म्हणतो, हितं पाडा बोअर."

शीर सापडली.
एक नळी जांभळ्या बुचाची, एक करड्या.
मी सांगितलं, पुढं सहाव्या महिन्यात साखर वाढणार का,
ते आत्ताच रक्तात कुठं दिसतं का, बघायलेत मोठे डॉक्टर.
"म्हंजी तुमचाबी नारळच."
तिनं कापूस दाबून धरला.
"अन् कोरडी गेली तर बोअर?"

जाते की. कोरडीही जाते.
नाही म्हटलं तिथंही पाणी लागतं कधी.
एवढंच बोलले.

मशीनमध्ये नळी गरगरली, लाल खाली बसलं,
वर निवळलं कडब्याच्या रंगाचं पाणी.
त्याचे चार थेंब-थेंब वाटे, वर नंबर: चारशे सतरा.
बाहेर बेचाळीस, फ्रीजरमध्ये उणे ऐंशी.
लाईट गेली की मी आधी त्याच्या आकड्याकडं बघते,
मग बंद पंख्याकडं.

सहाव्या महिन्यात ती आलीच नाही.
फोन संपर्क क्षेत्राबाहेर.
मी रजिस्टरात लिहिलं, गैरहजर.

सहाशे नळ्या जमायला दोन वर्षं गेली.
मग कागद आला. नावं नसतात त्यावर, नसावीत.
पण चारशे सतरा मला पाठ होता.
एडिपोनेक्टिन: सगळ्या रांगेत खालून तिसरा.

नियम मोडून फोन लावला.
म्हाताऱ्यानं उचलला.
"झालं की लेकरू. लातूरला, पोट फाडून.
चार किलो दोनशे! सारं गाव बघाय आलं."
मागं कुणीतरी ताट वाजवत होतं, बहुतेक तेच.
"तुम्ही रक्तवाल्या बाई ना? निला सांगायची.
मग काय म्हणला तुमचा नारळ?
लागलं का पाणी?"

लागलं काका. पण आम्हाला उशिरा.

तो थोडा वेळ गप्प.
मग हलक्या आवाजात, जमिनीला कान लावल्यासारखा,
"पुन्हा दिवस गेलेत तिला. दीड महिना झाला."

मी पेनचं टोपण काढलं.
उद्या पहिल्या एसटीनं पाठवा.
उपाशीपोटी.
पाणी प्यायलं तर चालेल.