सुकतीची मॅच

शर्फूचाचा परकार बोटीवर होता तेव्हाची गोष्ट.
रॉटरडॅमला इंजिन बिघडलं, चार दिवस रिकामे,
आणि कुणीतरी हातात कोंबलेलं एक तिकीट.

गवत, तो म्हणतो. इतकं हिरवं
की वाटलं, डिसेंबरात आवण कुणी पेरलं?
थंडी घशात काट्यासारखी अडकलेली.
शेजारी एक म्हातारा,
कागदातले तळलेले बटाटे
न विचारता पुढे करणारा.

गोल कसा झाला, असं विचारलं
की चाचा बुरोंडीच्या होड्यांकडे बघतो.
"वाकलो होतो रे. टोपी पडली होती."
वर आला तोवर सगळं मैदान ओरडत होतं
आणि म्हाताऱ्याने त्याला कवटाळलं,
बुडाली म्हणून सोडून दिलेली होडी परत आल्यावर
तांडेलाला कवटाळतात तसं.
नाव माहीत नाही, भाषा नाही.
कोटाला फक्त लाकडाच्या धुराचा वास.

आज सुकती मोठी आहे.
पुळणीत दोन वल्ही रोवून पोरं खेळतायत,
नौशाद अनवाणी, रुपेश पावसे एकाच बुटात.
भरतीला अजून तासभर.
कडेला एक पाहुणी, कुठल्या देशाची कोण जाणे,
कुणाच्या बाजूने ओरडायचं ते न कळून
दोन्हीकडून ओरडतेय.

चाचा वल्ह्यांकडे पाठ करून
तिच्याकडेच बघत बसलाय.
मग खिशातली शेंगदाण्यांची पुडी
न विचारता पुढे केली.

पोरं एकदम किंचाळली.
गोल झाला वाटतं.
मीही पाहिला नाही.