बिस्किटांचा डबा

ओबिहिरोत घोडे पळत नाहीत,
ओढतात.
मागे लोखंडी घसरगाडी, पुढे वाळूचे दोन चढ.
दुसऱ्या चढाआधी सगळेच थांबतात,
नाकपुड्यांतून वाफ,
आणि आम्ही कठड्याकडेने त्यांच्याबरोबर चालतो, ओरडत.

नुमाताबाई तेवीस वर्षं दुधाचा टँकर चालवायच्या.
मागच्या फेब्रुवारीत त्यांचा करडा,
ज्यावर कुणी दमडी लावली नव्हती,
पहिला आला.
एवढे पैसे, की करखात्याला त्यांचं नाव पाठ झालं.

त्या बिस्किटांचा डबा घेऊन गेल्या.
आत हरलेली तिकिटं, सालवार, रबरबँड लावून.
टेबलामागचा पोरगा नम्र होता. म्हणाला,
जिंकलेल्या तिकिटाची किंमत तेवढी खर्चात धरतो, आजी,
बाकी तुमची हौस.

हौस!
उणे अठरात?

आता डबा तिकीटखिडकीजवळ असतो, शेजारी अर्ज.
पेनातली शाई गोठते, म्हणून त्या ते काखेत धरतात
आणि सही करणाऱ्याला गरम गरम देतात.
मागणं थोडकं:
हरलेलंही मोजा.
आणि दहा येनांखालची चिल्लर दर वेळी छाटता,
ती कुठे जाते ते सांगा.

मीही सही केली,
ज्याला कर भरण्याइतकं कधी मिळालंच नाही.

तेवढ्यात घंटा झाली.
करडा रेषेवर पोचला, मान पलीकडे, पुढचे पायही,
आणि थांबला.
इथे नाक पोचून भागत नाही.
घसरगाडीचं मागचं टोक रेषेपार गेलं
की मग धरतात.

नुमाताबाई डब्यावर हात ठेवून म्हणाल्या,
ओढ, बाबा.