पाव आटा

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
शेजारच्या पॉवर प्रेसच्या दोन ठोक्यांत जी फट उरते
तेवढ्यात इनासकाका ऐकतो.

रबरी नळीचं एक टोक कानात,
दुसरं पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी.
मग मागच्या.
"हा जास्त ओढतोय," म्हणतो,
आणि स्क्रू फिरवतो पाव आटा, त्याहूनही कमी.
डावा कान त्याचा प्रेसने खाल्ला.
उजवा या कामासाठी राखून ठेवलाय.

दोन सीटची गाडी, वयाने माझ्याएवढी.
इथेनॉलच्या पेट्रोलने तिचे वॉशर फुगले,
कापूरबावडीच्या सिग्नलला ती दम टाकायची
आणि मागचा रिक्षावाला: "ताई, म्युझियमला द्या!"

पॉइंट मात्र मीच काढायला लावले.
चाळीस वर्षं त्यांच्यातलं अंतर तो
एकाच व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीने लावत आला,
कुठल्याशा बंद पडलेल्या केमिकल कंपनीच्या.
आता तिथे काळी डबी, दोन वायरी, चुंबकाची चकती.
"हिला कान लागत नाही," म्हणाला.
बरं की वाईट, ते नाही बोलला.

पहिल्या फटक्यात सुरू.
येऊरच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये
चारही सिलेंडर एका श्वासात,
आणि तो शेजारी मान तिरकी करून
खोट शोधत.

रात्री ग्लोव्ह बॉक्समध्ये पीयूसी शोधताना
हाताला पुडी लागली.
जुने पॉइंट, पॉलिश पेपरने घासलेले. कंडेन्सर.
आणि ते कार्ड,
कडा तेलाने काळ्या,
फोन नंबर सहा आकडी.